चेहऱ्यावरचे खड्डे, डाग आणि चमक: दिवा कुठे ठेवायचा, कॅमेरा कुठे धरायचा

फोटोत चेहरा खराब आला की बहुतेक जण एक तर आणखी एक दिवा लावतात, नाही तर फिल्टर चढवतात. दिवा वाढवून फारसं काही साधत नाही. उजेड किती आहे यापेक्षा तो कुठून येतो, केवढ्या पृष्ठभागातून येतो आणि कॅमेरा चेहऱ्यापासून किती लांब आहे, यावर दोष दिसणं-न दिसणं ठरतं. शिवाय सगळ्या दोषांना एकच उपाय चालत नाही. मुरमांचे खड्डे ज्या उजेडात जवळजवळ नाहीसे होतात, त्याच उजेडात वांगाचे डाग जास्त उठून दिसतात. म्हणून दिव्याला हात लावण्याआधी दोष कुठल्या जातीचा आहे ते पाहावं लागतं.

इथली माहिती दोन्ही बाजूंनी वापरता येईल. लग्नाच्या बायोडेटाचा फोटो किंवा ऑनलाइन मुलाखत असेल तर दोष सौम्य करायला. मेकअप तपासायचा असेल किंवा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायचे फोटो काढायचे असतील तर तेच दोष मुद्दाम उघडे पाडायला.

दोषाची जात ओळखा

चेहऱ्यावर जे खटकतं ते साधारण चार गटांत बसतं. पहिला गट उंचसखलपणाचा: मुरमांचे खड्डे, उघडी रंध्रं, सुरकुत्या, नाकापासून ओठांच्या कडेपर्यंत येणाऱ्या घड्या, डोळ्यांखालच्या पिशव्या. दुसरा रंगाचा: वांग, मुरूम बसल्यावर मागे राहिलेले तपकिरी किंवा लालसर डाग, उन्हाने रापलेला भाग, कोड. तिसरा चमकेचा, म्हणजे कपाळ, नाक आणि गालांच्या हाडांवरचा तेलकटपणा. चौथा ठेवणीचा: नाक मोठं वाटणं, दुहेरी हनुवटी, चेहऱ्याच्या दोन बाजू वेगळ्या दिसणं.

उंचसखलपणा सावलीमुळे दिसतो. तिथे दिव्याची दिशा आणि आकार बदलायचा. रंगाला सावलीशी देणंघेणं नाही, तिथे उजेडाचा रंग आणि दर्जा पाहायचा. चमक म्हणजे दिव्याचं त्वचेवर पडलेलं प्रतिबिंब. दिवा, त्वचा आणि कॅमेरा यांच्यातला कोन बदलला की ती सरकते. ठेवण मात्र जवळजवळ पूर्णपणे कॅमेऱ्याच्या अंतराची आणि उंचीची गोष्ट आहे.

आपल्या चेहऱ्यावर नेमकं काय आहे हे कळायला दहा मिनिटांची तपासणी पुरते. लागतं काय, तर अंधारी करता येईल अशी खोली, आरसा, मोबाइलची टॉर्च आणि एक टिश्यू पेपर. टॉर्चकडे थेट बघू नका. दुसऱ्या कुणी टॉर्च धरून डोळे मिटलेल्या चेहऱ्याचे फोटो काढले तर जास्त सोयीचं.

१. टॉर्च नाकाच्या रेषेत, चेहऱ्यासमोर, हातभर अंतरावर धरा. या उजेडात सावल्या जवळजवळ पडतच नाहीत. तरीही जे दिसतं तो रंगाचा दोष.

२. आता टॉर्च हळूहळू कानाकडे न्या, उजेड गालाला घासून जाईल इतकी. जे नव्याने उमटलं तो उंचसखलपणा.

३. जिथे पांढरे ठिपके चमकतात तिथे टिश्यू दाबा, घासू नका. ठिपका गेला तर तेल होतं. नाही गेला तर ताणलेली गुळगुळीत त्वचा किंवा मेकअपमधली चमकी.

४. डोळ्यांखालच्या काळेपणासाठी टॉर्च डोक्याच्या वर धरा आणि मग डोळ्यांच्या पातळीच्या किंचित खाली आणा. खाली आणल्यावर काळेपणा गेला तर ती खळग्याची सावली होती. टिकून राहिला तर रंगद्रव्य किंवा पातळ त्वचेखालच्या रक्तवाहिन्या. बऱ्याच जणांत दोन्ही मिसळलेलं असतं.

चौथी पायरी बहुतेक लोक करत नाहीत आणि खळग्याच्या सावलीवर महिनोन्‌महिने क्रीम लावत बसतात. सावलीवर क्रीम चालत नाही.

खड्डे आणि सुरकुत्या: सावलीचं गणित

संध्याकाळच्या तिरप्या उन्हात नांगरलेल्या शेतातली प्रत्येक सरी मोजता येते, दुपारी तेच शेत सपाट दिसतं. गालावरही हेच घडतं आणि त्याचा हिशेब सोपा आहे. सावलीची लांबी म्हणजे उंचवट्याची उंची भागिले उजेडाच्या कोनाचा टॅन्जन्ट, कोन त्वचेच्या पृष्ठभागापासून मोजायचा. अर्धा मिलिमीटर खोल खड्ड्याच्या काठाची सावली ४५ अंशांच्या उजेडात अर्धा मिलिमीटरच पडते. उजेड १५ अंशांवर आला की सावलीची लांबी खोलीच्या जवळपास पावणेचार पट होते. मग खड्डा पूर्ण काळा भरतो आणि शेजारच्या खड्ड्याशी जोडला जातो. खड्डा तेवढाच असतो, फोटोत मात्र गाल चाळणीसारखा येतो.

गाल सपाट नाही हे लक्षात ठेवा. दिवा ४५ अंशांवर ठेवला तरी नाकाजवळचा आणि कानाजवळचा भाग त्याला वेगवेगळ्या कोनात भेटतो. उजेडातून सावलीत जाण्याचा जो पट्टा गालावर असतो तिथेच उजेड सर्वांत जास्त घासून जातो, आणि खड्डे नेमके तिथे उठतात. त्यामुळे फोटो काढताना हा पट्टा सगळ्यात खराब त्वचेवरून जाणार नाही इतका चेहरा वळवा. अनेकदा दहा-पंधरा अंश वळवणं पुरतं. ज्या गालावर खड्डे जास्त आहेत तो गाल दिव्याकडे करा, सावलीकडे नको. लोक उलट करतात. खराब बाजू अंधारात लपवायला जातात आणि तिरप्या उजेडाने ती आणखी उठवतात.

दुसरा भाग दिव्याच्या आकाराचा. लहान दिवा कडक, धारदार सावली पाडतो. मोठा दिवा खड्ड्यात अनेक दिशांनी उजेड पोचवतो आणि सावलीची कड विरघळवतो. इथे मोजमाप दिव्याच्या स्वतःच्या आकाराचं नाही, चेहऱ्यावरून तो केवढा दिसतो याचं आहे. सूर्य अवाढव्य असूनही आकाशात साधारण अर्ध्या अंशाएवढाच दिसतो, म्हणून ऊन कडक. ६ सेंटिमीटरचा उघडा बल्ब एका मीटरवरून साडेतीन अंश भरतो, तोही कडकच. १२० सेंटिमीटर रुंद खिडकी एका मीटरवरून ६० अंशांहून जास्त भरते. ढगाळ दिवशी तर सगळं आकाशच दिवा होतं, म्हणून जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दुपारी गच्चीत काढलेले फोटो त्वचेला इतके दयाळू असतात.

कामचलाऊ नियम असा: दिवा जेवढा रुंद, तेवढ्याच किंवा फार तर त्याच्या दुप्पट अंतरावर बसा. दहा इंची रिंग लाइट ५० सेंटिमीटरवर ठीकठाक मऊ आहे. तीच दीड मीटरवर नेली की चेहऱ्यावरून साडेनऊ अंशांची उरते आणि पुन्हा कडक होते. 'रिंग लाइट घेतली पण फरक पडला नाही' ही तक्रार बहुधा इथून येते.

फार जवळ आणण्याचाही तोटा आहे. लहान दिवा एका गालापासून ३० सेंटिमीटरवर असेल आणि दुसरा गाल ४४ सेंटिमीटरवर, तर उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्यामुळे जवळच्या गालावर दुपटीहून थोडा जास्त पडतो. एका मीटरवर हाच फरक तीस टक्क्यांवर येतो. म्हणजे एकाच वेळी जवळही हवा आणि मोठाही हवा. घरात ही अट फुकटात पूर्ण करणारी एकच वस्तू आहे, खिडकी.

खिडकीपाशी फोटो काढायची पद्धत

थेट ऊन येत नसलेली खिडकी निवडा, शक्यतो उत्तरेची. मात्र मे-जूनमध्ये सकाळी आणि संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीतही तिरपं ऊन शिरतं, कारण त्या दिवसांत सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेला उगवतो. ऊन येत असेल तर पांढरी सुती चादर किंवा पातळ पांढरा पडदा एकपदरी लावा. चादर स्वतःच दिवा होते. रंगीत पडदा चालणार नाही. समोरच्या इमारतीची भिंत गुलाबी असेल किंवा खिडकीबाहेर दाट झाड असेल, तर तो गुलाबी किंवा हिरवा रंग गालावर येणार, हेही बघून घ्या.

खोलीतले सगळे दिवे बंद करा. खिडकीच्या थंड उजेडात पिवळा बल्ब मिसळला की एक गाल निळसर आणि दुसरा नारिंगी येतो, आणि मोबाइलला दोन्ही एकदम दुरुस्त करता येत नाही.

खिडकीपासून ६० ते ९० सेंटिमीटरवर बसा. चेहरा आधी थेट खिडकीकडे करा, मग तिच्यापासून ३० ते ४५ अंश वळवा. खिडकीची वरची कड डोळ्यांच्या बरीच वर असावी. खालचा भाग टेबलाच्या उंचीपर्यंत उघडा असेल तर तो पडद्याने झाका, नाही तर हनुवटीखालून उजेड येऊन नाकपुड्या उजळतात. दूरच्या बाजूला, चेहऱ्यापासून ४० ते ५० सेंटिमीटरवर, पांढरं कार्डशीट उभं धरा. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी मोठी पांढरी शीट पुरते. पत्र्यासारखी चकाकणारी फॉइल लावू नका, ती ठिपकेदार कडक उजेड फेकते.

आता डोळ्यांत बघा. बुबुळात खिडकीचं प्रतिबिंब घड्याळातल्या दहा किंवा दोनच्या जागी दिसलं तर उंची बरोबर आहे. डोळ्यांत काहीच चमकत नसेल तर उजेड फार वरून किंवा फार बाजूने येतोय. नाकाची सावलीही सांगते: ती गालाकडे तिरपी, छोटी, वरच्या ओठाला न टेकणारी असावी.

सुरकुत्या आणि डोळ्यांखालच्या पिशव्या हाच मुख्य त्रास असेल तर बाजूचा कोन सोडून द्या. तोंड सरळ खिडकीकडे करा, फोटो काढणाऱ्याला खिडकीला पाठ करून उभं करा, आणि दुसरं कार्डशीट छातीच्या पातळीवर, हनुवटीखाली सुमारे ३० सेंटिमीटरवर आडवं धरा. वरून येणारा उजेड पिशव्यांखाली जी सावली टाकतो ती खालचं शीट भरून काढतं. शीट आणखी जवळ आणू नका. खालचा उजेड वरच्याइतका झाला की चेहऱ्याची सगळी घडण पुसली जाते आणि चेहरा सुजल्यासारखा वाटतो.

वरून येणारा उजेड

लिफ्ट, कपड्यांच्या दुकानातली ट्रायल रूम, फॉल्स सीलिंगमधले गोल दिवे: तिन्हीकडे लहान दिवा थेट डोक्यावर असतो. भुवयांचं हाड डोळ्यांवर सावली टाकतं, खळगे काळे होतात, नाकाखाली मिशीसारखा डाग येतो, कपाळावरचे पुरळ आणि टाळू मात्र झगमगतात. इथे करण्यासारखी गोष्ट एकच: दिव्याच्या खालून बाजूला व्हा. दिवा समोर आणि वर येईल इतकं, म्हणजे मीटरभर मागे सरका. हनुवटी थोडी वर केली तरी डोळ्यांत उजेड जातो.

मे महिन्यातल्या लग्नांत हाच प्रश्न उघड्यावर येतो. पुण्यात मेच्या मध्याला भर दुपारी सूर्य अक्षरशः डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते. डिसेंबरच्या उत्तरार्धात तोच सूर्य दुपारीही साधारण ४८ अंशांवर असतो, म्हणजे पोर्ट्रेटसाठी स्टुडिओत दिवा जिथे लावतात जवळपास तिथे. त्यामुळे डिसेंबरात दुपारी काढलेले फोटो निभावतात, मेमध्ये नाही. मेमध्ये मंडपाच्या कडेला, आत सावलीत पण तोंड बाहेरच्या उघड्या आकाशाकडे करून उभं राहा. फक्त मंडपाचं कापड पांढरं आहे का ते बघा. लाल-पिवळ्या कापडातून गाळलेला उजेड चेहऱ्यावर बसला की नंतर कुठल्याही अ‍ॅपमध्ये तो नीट निघत नाही.

डाग: इथे दिशा चालत नाही

वांग आणि मुरमांचे तपकिरी डाग मेलॅनिन या त्वचेतल्या रंगद्रव्यामुळे असतात. मेलॅनिन निळा आणि जांभळा उजेड जास्त शोषतं, लाल कमी. लालसर डागांमधलं हिमोग्लोबिन हिरवा उजेड जोरात शोषतं, लाल जवळपास सोडून देतं. म्हणजे दोन्ही प्रकारचे डाग लाल उजेडात फिके पडतात आणि हिरव्या-निळ्या उजेडात ठळक होतात.

हे स्वतः पाहायचं असेल तर स्नॅपसीड या फोटोच्या अ‍ॅपमध्ये चेहऱ्याचा रंगीत फोटो उघडा, ब्लॅक अँड व्हाइट हे साधन निवडा आणि त्यातला रंगाचा फिल्टर आधी लाल, मग निळा करा. लाल फिल्टरमध्ये गाल स्वच्छ होतो, निळ्यामध्ये आजवर न दिसलेले डागही वर येतात. कृष्णधवल फोटो हवा असेल तर लाल किंवा नारिंगी फिल्टर हा सर्वांत प्रामाणिक 'ब्यूटी मोड', कारण त्यात त्वचेचा पोत शाबूत राहतो. लाल फार चढवला तर ओठही पांढरे पडतात. नारिंगीवर थांबणं बरं.

घरच्या दिव्यांना हेच लागू. २७०० केल्विनचा पिवळसर दिवा लाल भाग जास्त देतो, त्यात डाग सौम्य दिसतात. ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र एलईडी, जो आपल्याकडे घरोघरी आहे, डागांना माफ करत नाही. कॅमेऱ्याचं ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडाची रंगछटा आपोआप सुधारणारी सोय) हा फरक अर्धामुर्धा पुसून टाकतं, पण आरशात तो पूर्ण जाणवतो. दिव्याच्या खोक्यावर केल्विनसोबत सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा, बघा. ८० सीआरआय असलेल्या स्वस्त एलईडीत गडद लाल रंग बहुधा कमी पडतो, आणि त्वचा राखाडी, आजारी दिसते. सीआरआयचा आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असतो, त्यात गडद लाल मोजलेलाच नसतो. तो आर ९ या वेगळ्या आकड्यात असतो. चेहऱ्यासाठी ९० किंवा जास्त सीआरआय घ्या, आर ९ छापलेला असेल तर ५० च्या वरचा.

समोरून येणाऱ्या रिंग लाइटमध्ये खड्डे जातात पण वांग उघडा पडतो असं वर म्हटलं, त्याचं कारण आता स्पष्ट होईल. सावल्या गेल्या की चेहऱ्यावर फरक उरतो तो फक्त रंगाचा. वांग असलेल्यांनी रिंग लाइट चेहऱ्याच्या मध्यावर न ठेवता थोडी वर आणि बाजूला, २० ते ३० अंशांवर ठेवावी. थोडी सावली आली की नजर डागावर अडकत नाही.

चमक

तेलकट कपाळावर दिव्याचं प्रतिबिंब पडतं आणि तेवढ्या जागी त्वचेचा रंग दिसतच नाही. दिवा जितका लहान तितका ठिपका छोटा आणि आंधळा करणारा. मोठ्या दिव्याचा तोच ठिपका पसरून मंद होतो. मोबाइलचा फ्लॅश या बाबतीत सर्वांत वाईट. तो लेन्सला चिकटून असल्यामुळे खड्डे बऱ्यापैकी सपाट करतो, पण कपाळ, नाक आणि हनुवटी या तीन जागा जाळून टाकतो. पावडरमध्ये सिलिका, झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड जास्त असेल तर फ्लॅशमध्ये चेहरा मानेपेक्षा पांढरा येतो. म्हणून रिसेप्शनच्या आधी, पूर्ण मेकअप झाल्यावर, फ्लॅश मारून एक फोटो काढून बघायचाच.

फोटोआधी टिश्यूने तेल टिपा, मग हवी तर थोडी मॅट पावडर. उलट क्रम केला तर तेलात पावडरचे गोळे होतात. चमकी असलेला हायलायटर खड्डे असलेल्या गालावर लावू नका. प्रत्येक खड्ड्याच्या काठावर तो वेगळा चमकतो.

सावळ्या आणि गडद त्वचेत चमकेचं महत्त्व आणखी वाढतं, कारण त्वचेचा मूळ रंग आणि प्रतिबिंब यांच्यातला फरक मोठा असतो. अशा चेहऱ्याला सगळी चमक काढून टाकणं चुकीचं आहे, चेहरा मातकट होतो. मोठी खिडकी बाजूला ठेवून गालाच्या हाडावर रुंद, मंद चमक येऊ द्या. फोटो मुद्दाम जास्त उजळ करून डाग घालवण्याची युक्तीही इथे फसते: आधी चमक जळते, डाग तसेच राहतात.

नाक मोठं दिसतं ते अंतरामुळे

चेहऱ्याची ठेवण लेन्स बिघडवत नाही, अंतर बिघडवतं. नाकाचं टोक कानांच्या साधारण १२ सेंटिमीटर पुढे असतं. कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर कान ४२ वर. म्हणजे नाक कानांच्या तुलनेत ४० टक्के मोठं छापलं जातं. दीड मीटरवर हाच फरक ८ टक्के. २०१८ साली 'जामा फेशियल प्लास्टिक सर्जरी' या नियतकालिकात बोरिस पास्खोव्हर आणि सहकाऱ्यांनी याचं गणिती मॉडेल मांडलं होतं: १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाकाचा पाया पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत सुमारे ३० टक्के रुंद दिसतो. सेल्फी बघून नाकाच्या शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्यांनी आधी हा आकडा वाचावा.

करायचं ते असं. मोबाइल स्टँडवर किंवा पुस्तकांच्या चळतीवर ठेवा, चेहऱ्यापासून दीड मीटर लांब. मागचा कॅमेरा वापरा, टायमर ३ किंवा १० सेकंद. चेहरा छोटा दिसेल तर झूम २एक्स किंवा ३एक्स करा. पुढे सरकू नका. कमी उजेडात पुष्कळ मोबाइल ३एक्स दाबल्यावरही टेलिफोटो लेन्स (झूमसाठीची वेगळी लेन्स) वापरत नाहीत, मुख्य लेन्सचंच चित्र कापून मोठं करतात. टेलिफोटो लेन्सवर बोट ठेवून स्क्रीन काळी होते का बघा. नाही झाली तर तपशील कमी येईल, पण ठेवण बिघडणार नाही, कारण अंतर तेच आहे.

कॅमेऱ्याच्या उंचीचा परिणाम याहून लहान, पण हमखास. डोळ्यांच्या खाली ठेवलेला कॅमेरा हनुवटीखालचा भाग आणि नाकपुड्या दाखवतो. टेबलावर उघडलेला लॅपटॉप नेमका तिथेच असतो. तो १५ ते २० सेंटिमीटर उचला. डोळ्यांपेक्षा ५ ते १० सेंटिमीटर वरून घेतला की जबडा निमुळता होतो, मात्र कपाळ रुंदावतं आणि विरळ केस दिसू लागतात. टक्कल असलेल्यांनी कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवरच ठेवावा. दुहेरी हनुवटीसाठी मान पुढे काढून हनुवटी अगदी थोडी खाली आणावी लागते. बाजूने बघणाऱ्याला ही मुद्रा विचित्र वाटते, समोरून जबड्याची रेघ स्पष्ट येते. नाक वाकडं असेल तर बाजूचा अरुंद दिवा टाळा: नाकाच्या दांड्यावर उजेडाची जी रेघ पडते ती वाक जसाच्या तसा काढून दाखवते. मऊ, समोरच्या उजेडात ती रेघच राहत नाही. चष्म्यावर चकाकी आली तर दिवा वर न्या किंवा चष्म्याच्या काड्या कानावर अर्धा सेंटिमीटर वर करा.

'आरशात बरा दिसतो, फोटोत वाकडा' यातही तथ्य आहे. आरसा उलटी प्रतिमा दाखवतो आणि तीच सवयीची असते. १९७७ मध्ये थिओडोर मिटा आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात स्त्रियांना स्वतःची आरशातली प्रतिमा जास्त पसंत पडली, तर त्यांच्या जवळच्यांना सरळ फोटो. म्हणून फोटो कुठला निवडायचा हे घरच्यांना ठरवू द्या.

मेकअपच्या आरशाचे दिवे

आरशाच्या वर एक ट्यूब लावणं ही घराघरातली चूक. त्याऐवजी आरशाच्या दोन्ही बाजूंना दोन फुटी, सुमारे १० वॉटचे एलईडी बॅटन उभे लावा, त्यांचा मध्य डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे उभं राहून वापरायचा आरसा असेल तर जमिनीपासून १५० सेंटिमीटरच्या आसपास. दोघांत अंतर ७० ते ८० सेंटिमीटर. ४००० केल्विन, ९० सीआरआय, दुधी कव्हर. मेकअप दोन्ही दिव्यांत करा; झाल्यावर एक दिवा बंद करून बघा. एकाच बाजूच्या उजेडात फाउंडेशनचे थर, न मिसळलेल्या कडा आणि कोरडे पापुद्रे लगेच दिसतात. हॉलमध्ये पिवळे दिवे असतील तर शेवटची नजर २७०० केल्विनच्या दिव्याखाली टाका, नाही तर ब्लश कमी वाटून तिथे पोचल्यावर पुन्हा लावला जातो.

डॉक्टरांसाठी फोटो

इथे सुंदर दिसणं हा उद्देश नाही. दोन फोटोंमध्ये त्वचेखेरीज काहीही बदललेलं नसावं, एवढंच पाहायचं. चेहरा साध्या पाण्याने धुऊन १५ मिनिटं थांबा, म्हणजे चोळल्याची लाली उतरते. केस मागे बांधा, मेकअप नाही, ब्यूटी मोड बंद. हा मोड काही मोबाइलमध्ये आधीपासूनच चालू असतो, सेटिंगमध्ये जाऊन खात्री करा.

मोबाइल एका मीटरवर, २एक्स, डोळ्यांच्या पातळीवर. जमिनीवर टेप लावून स्टँडची आणि पायांची जागा आखून ठेवा. दिवसाचा उजेड रोज बदलतो, म्हणून रात्री, ठरलेल्या दोन दिव्यांखाली काढा. पाच फोटो: समोरून, दोन्ही बाजूंनी ४५ अंश, दोन्ही बाजूंनी पूर्ण कड. मान सरळ आहे का हे बघायला कानाच्या छिद्राची वरची कड आणि डोळ्याच्या खाचेची खालची कड एका आडव्या रेषेत घ्या. हनुवटीजवळ कोरा पांढरा कागद धरला तर रंग नंतर जुळवता येतो.

खड्ड्यांवर उपचार चालू असतील तर आणखी एक फोटो लागतो: एकच दिवा बाजूने, दर वेळी त्याच जागी. समोरच्या उजेडात खड्डे दिसत नाहीत आणि उपचारानंतरचा फोटो अशा उजेडात काढला तर सुधारणा नसतानाही दिसते. जाहिरातींतले 'आधी' आणि 'नंतर' फोटो बघताना बुबुळातलं प्रतिबिंब आणि नाकाची सावली ताडून पाहा. दोन्हीकडे जागा वेगळी असेल तर तुलना बाद.

वांगासाठी उलट: समोरचा मऊ उजेड, बाजूचा नको. त्वचारोगतज्ज्ञ यासाठी क्रॉस पोलरायझेशन वापरतात, म्हणजे दिव्यावर एक पोलरायझिंग फिल्टर (एकाच दिशेने कंप पावणारा उजेड जाऊ देणारा) आणि लेन्सवर त्याला काटकोनात दुसरा. पृष्ठभागावरची चमक पूर्ण जाते आणि खालचा रंग तेवढा उरतो. घरी हे पोलरायझिंग फिल्मच्या दोन तुकड्यांवर जमतं. कपाळावरची चमक नाहीशी होईपर्यंत लेन्ससमोरचा तुकडा फिरवायचा. उजेड पाव हिश्श्याहून कमी उरतो, त्यामुळे मोबाइल हातात न धरता स्टँडवरच हवा. फिल्टर समांतर केले तर बरोबर उलटं होतं, पोत आणि रंध्रं ठळक येतात.

दर चार आठवड्यांनी एक संच पुरतो. रोज काढले तर फरक कळत नाही. तिळाचा फोटो काढत असाल तर शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा. तो वाढत असेल, कडा वेड्यावाकड्या होत असतील, रंग बदलत असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, तर पुढच्या फोटोची वाट न बघता डॉक्टरांकडे जा.